लाल फुलीची होडी

"दादा, होडीचा रंग माझ्यावर सोड. चहा निवायच्या आत ठरवून देतो!"

सुदर्शननं हे वाक्य भर ओसरीत टाकलं, तेही आई, आत्या आणि वहिनी तिघी समोर बसलेल्या असताना! धाकटी डहाणूतल्या कुठल्याही शहाण्या पुरुषानं ही चूक केली नसती. तांडेलांच्या या घरात इंजिन कुठलं घ्यायचं ते पुरुषांनी ठरवायचं आणि होडीला रंग कुठला द्यायचा ते बायकांनी, अशी पूर्वापार वहिवाट होती. मासळी विकणार त्या, गिऱ्हाइकाशी भांडणार त्या, किनाऱ्यावर डोळ्यांवर हात धरून वाट बघत उभ्या राहणारही त्याच. तेव्हा खाडीत शिरणारी आपली होडी लांबून ओळखू यायला हवी तीही त्यांनाच. वहिवाटीत खोट काहीच नव्हती. फक्त जुनी होडी घेतली तेव्हा घरात रंग ठरवणारी बाई एक होती आणि आता तीन होत्या.

आईला हिरवा हवा होता, कारण जुनी होडी हिरवी होती आणि तिनंच दोन पोरांना मोठं केलं. नवशी आत्याला पिवळा हवा होता, कारण आईला हिरवा हवा होता. संगिता वहिनीला आभाळी हवा होता, कारण तिच्या माहेरच्या सगळ्या होड्या आभाळी, आणि लग्नाला एवढी वर्षं होऊनही या घरात माहेरचं म्हणावं असं एक पातेलंसुद्धा शिल्लक राहिलं नव्हतं. संक्रांतीपासून हा वाद चालू होता. नवी कोरी होडी किनाऱ्यावर लाकडाच्या अंगानं उघडीवाघडी उभी, आणि तिचा मालक जीवन, म्हणजे सुदर्शनचा मोठा भाऊ, जेवायला बसला रे बसला की त्याच्या ताटाभोवती तिन्ही बाजूंनी रंगच वाढले जात. बिचारा गडी वाळला होता. पाडव्याला होडी पाण्यात उतरवायची आणि पाडवा तोंडावर आलेला!

"तू ठरवणार?" आत्या म्हणाली. "तुला बोट लागते रं, पोरा!"

हे मात्र लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. खाडीचं तोंड ओलांडलं की सुदर्शनच्या पोटातलं होतं नव्हतं ते बाहेर यायचं. लहानपणी वडिलांनी लिंबू दिलं, आलं दिलं, देवाला नारळ दिला, आणि शेवटी शाळेत घातलं. आता तो डहाणू रोडच्या एका शाळेत कंप्युटर शिकवायचा. सगळे त्याला 'सर' म्हणायचे, घरात पगार यायचा, सगळं यथास्थित होतं. पण होडीची गोष्ट निघाली की त्याला कोणी काही विचारायचं नाही. जाळ्याला त्याचा हात नाही, इंजिनाला नाही, वल्ह्याला तर नाहीच. आपण नाही तर नाही, पण आपल्या हातचं काहीतरी समुद्रावर जावं, आणि दादानं चार लोकांत म्हणावं की हे माझ्या भावानं केलं, एवढीच त्याची इच्छा होती. फार मोठी नव्हती, पण बरीच जुनी होती.

आणि आता त्याच्या हाती ब्रश आले होते.

ब्रश म्हणजे केसांचे नव्हेत. कंप्युटरच्या पडद्यावर खिडक्या, बटणं, चित्रं उभी करायचा प्रोग्रॅम लिहायला तो एका जाडजूड इंग्रजी पुस्तकावरून शिकत होता, त्यातले ब्रश. आधी प्रोग्रॅमला सांगायचं, एक ब्रश तयार कर. मग सांगायचं, हा आकार घे आणि या ब्रशनं भरून टाक. गोल म्हणाल तर गोल, चौकोन म्हणाल तर चौकोन, आणि बिंदू नीट दिले तर अख्खी होडी! एका साध्या रंगाचा ब्रश असतो. रेघारेघांचा असतो. एक असतो चित्राचा. त्याला एवढंसं चित्र द्यायचं, मग तो फरशा बसवाव्यात तसं ते चित्र शेजारीशेजारी मांडत जातो. आणि एक असतो एका रंगातून दुसऱ्या रंगात विरघळत जाणारा. त्या पानावर सुदर्शन जो हरवला तो हरवलाच!

त्या दिवसापासून त्याला जग तसंच दिसायला लागलं. आईच्या लुगड्याचा पदर रेघांच्या ब्रशनं भरलेला. चिकूच्या वाडीतली सावली चित्राच्या ब्रशनं, एकच पान पुन्हा पुन्हा. आणि संध्याकाळी दिवस बुडाल्यावर तो खाडीच्या तोंडाशी जाऊन बसायचा तेव्हा समोर खाली गडद निळं पाणी, त्याच्यावर जांभळं, त्याच्यावर गुलाबी, आणि कुठला रंग कुठं संपला ते देवालाही सांगता येऊ नये असं आभाळ. हेच, नेमकं हेच त्याला होडीवर हवं होतं. तळाशी निळी, वर वर जात काठाला गुलाबी. मग संध्याकाळी परतताना होडी आभाळात मिसळून जाईल आणि किनाऱ्यावरच्या बायकांना वाटेल, संध्याकाळच घरी येतेय. आता संध्याकाळच्या आभाळात मिसळलेली होडी लांबून ओळखायची कशी, हा प्रश्न त्याला पडला नाही. स्वप्न बघणाऱ्याला असले प्रश्न पडत नाहीत, म्हणून तर त्याला स्वप्न बघता येतं!

त्यानं रात्रंदिवस खपून प्रोग्रॅम लिहिला. मधोमध होडी, बाजूला रंगांची बटणं. बटण दाबलं की होडी त्या रंगानं भरणार. एवढ्यावर थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण होडी कोरड्या पडद्यावर उभी बघून त्याचा जीव कळवळला. त्यानं खाडीच्या पाण्याचा फोटो काढला, चित्राचा ब्रश केला आणि होडीखाली पाणी भरलं. मग ते पाणी हलायला हवं असं वाटलं. म्हणून क्षणाक्षणाला नवा ब्रश, पाणी थोडं इकडे, पुन्हा नवा ब्रश, पाणी थोडं तिकडे. होडी डुलायला लागली. सुदर्शन गालावर हात ठेवून तिच्याकडे बघत बसला. त्याच्या आयुष्यात एवढा वेळ होडी डुलूनही पोट जागेवर राहिलेली ती पहिलीच खेप!

पुस्तकात एका ओळीत असंही लिहिलं होतं की, काम झालं की ब्रश परत करावा, नाहीतर वापरलेले ब्रश आत साठत जातात आणि शेवटी कंप्युटर हात टेकतो. सुदर्शननं ती ओळ वाचली होती. त्याला ती रुक्ष वाटली.

तर 'चहा निवायच्या आत' म्हणाला त्या संध्याकाळी ओसरीत मासळीच्या उपड्या क्रेटवर लॅपटॉप मांडला गेला. समोर तिघी, मागे भिंतीला टेकून जीवन, आणि दाराशी लक्ष्या रंगारी. लक्ष्या तलासरीकडचा. ट्रकच्या पाठीवर मोर आणि दुकानांच्या शटरवर देव काढण्यात त्याचा हात धरणारा त्या पट्ट्यात कोणी नव्हता.

"काय ते आज ठरवा, शेठ," तो जीवनला म्हणाला. "पाडव्याच्या आधी मला विवळवेढ्याला जायाचाय. जत्रेचा पाळणा रंगवाया घेतलाय. एकदा पाळण्यावर चढलो का मी तुमचा नाय!"

"आजच ठरणार," सुदर्शन म्हणाला आणि त्यानं हिरवं बटण दाबलं.

"बघ! बघ कशी शोभते!" आई म्हणाली.

"शेवाळ धरल्यासारखी," आत्या म्हणाली.

सुदर्शननं पिवळं दाबलं.

"कावीळ झाली," आई म्हणाली.

आभाळी दाबलं तेव्हा दोघी सासवा पहिल्यांदाच एक झाल्या. "ही तर तुझ्या बापाची होडी!" आणि वहिनी पदर खोचून उभी राहिली. मग जे सुरू झालं त्यात रंग मागे राहिला आणि लग्नात न मिळालेल्या भांड्यांपासून गेल्या दिवाळीच्या चकल्यांपर्यंत सगळं निघालं. पडद्यावर होडी आपली शांतपणे डुलत होती.

"थांबा! आता हे बघा!" सुदर्शन ओरडला आणि त्यानं शेवटचं बटण दाबलं. खाली निळी, वर जांभळी, काठाला गुलाबी. आणि नेमका त्याचा फोन वाजला!

मुख्याध्यापकांचा फोन. ओसरीत आवाज धड येईना, म्हणून तो 'हॅलो, हॅलो' करत थेट वाळूपर्यंत गेला. तलासरीला शिक्षकांचं कंप्युटर प्रशिक्षण होतं. शिकवणारा माणूस आजारी पडला होता. उद्या पहाटेच निघा, पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत तिथंच राहा. सुदर्शन 'हो सर, हो सर' करत राहिला आणि इकडे ओसरीत जे घडलं ते त्याला फार उशिरा कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो.

पाणी हलत होतं. एकेका हेलकाव्याला एकेक ब्रश आत साठत होता. आणि मग कंप्युटरनं हात टेकले! पडद्यावर एक चौकट उगवली, तिच्यात बारीक इंग्रजी मजकूर आणि खाली बटणं.

"हे काय आणखी?" आई म्हणाली.

वहिनी दहावीपर्यंत शिकलेली. तिनं मान पुढं केली. "काहीतरी विचारतंय. पुढं जायचं का, असं."

"मग जा की पुढं! विचारायचंय काय त्यात?" असं म्हणून आत्यानं बोंबिलाचा वास येणारं बोट कचकन बटणावर दाबलं.

चौकट गेली. होडी गेली. पाणी गेलं. उरला एक पांढराशुभ्र पडदा, त्याला चारी बाजूंनी लाल काठ आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ताणलेली भली मोठी लाल फुली. आकार भरता भरता दमलेला प्रोग्रॅम जीव सोडताना अशी फुली मारून जातो, हे जगातल्या प्रोग्रॅमवाल्यांना ठाऊक आहे. धाकटी डहाणूत ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

तिघी गप्प झाल्या. संक्रांतीनंतर पहिल्यांदा! हा पिवळा नव्हता, म्हणून आई काही बोलेना. हिरवा नव्हता, म्हणून आत्या बोलेना. आणि दोघी बोलत नाहीत हे बघून वहिनीनं मुकाट्यानं खोचलेला पदर सोडला.

जीवन भिंतीपासून सरळ झाला. "हाच," तो म्हणाला.

"सरस!" लक्ष्यानं मोबाइलवर फोटो काढला. "आख्खी पांढरी, काठाला लाल पट्टा, दोन्ही अंगांना पुढच्या नाळेपासून मागच्या पाठीपर्यंत फुली. झटक्यात होतंय."

सुदर्शन परत आला तेव्हा वहिनीनं चुलीचा धूर लागू नये म्हणून लॅपटॉप मिटून फळीवर ठेवला होता.

"ठरला रंग," जीवन म्हणाला. "तुझाच."

सुदर्शनला आधी खरंच वाटेना. "सगळ्यांना... आवडला?"

"कोणी एक शब्द बोललं नाय."

सुदर्शनचे डोळे भरून आले. तो आईकडे बघून हसला, आत्याकडे बघून हसला. त्या त्याच्याकडे जरा चमकूनच बघत होत्या, पण भरल्या डोळ्यांना तेवढं बारीक दिसत नाही.

तलासरीच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये पंखा गरगरत होता आणि चाळीशी ओलांडलेले गुरुजी उंदीर धरावा तसा माउस धरून बसले होते. त्यांना समोर ठेवून सुदर्शन दिवसभर मनानं खाडीकाठी हिंडायचा. आता लक्ष्या तळाचा निळा लावत असेल. आता जांभळा. आता तो निळ्यात जांभळा ओला असतानाच ओढत असेल, नाहीतर शिवण दिसेल. एका गुरुजींनी तीनदा विचारलं, "सर, हे बंद कसं करायचं?" आणि सुदर्शन खिडकीतून बघत म्हणाला, "बंद नाही करायचं, हळूहळू विरघळू द्यायचं." गुरुजींनी ते वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळी तो घरी फोन लावायचा.

"वहिनी, झाला का रंग?"

"झाला की! भावजी, लोक लांबून लांबून बघायला येतायत हो!"

"खालून वर नीट गेलाय ना?"

"खालून वर जातो, वरून खाली पण येतो!"

"आणि मिसळतात कुठं?"

"मिसळतात ना, बरोब्बर मधे!"

सुदर्शनच्या अंगावर रोमांच उभे राहिले. लक्ष्यासारखा कलावंत शोधून सापडणार नाही! त्या आठवड्यात त्याच्या स्वप्नात रोज एक होडी आली. ती पाण्यावर होती की आभाळात, ते त्याला कधीच कळलं नाही, आणि सकाळी उठल्यावर मात्र उशी गुलाबी वाटायची.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो डहाणू रोडला उतरला आणि रिक्षात बसला.

"धाकटी डहाणू. तांडेलांकडं."

रिक्षावाल्यानं आरशातून त्याच्याकडे बघितलं. "जीवन तांडेल? अरेरे. बरा माणूस. सरकारनं फुली मारली म्हणे होडीवर."

"फुली? कसली फुली?"

"आता ते आम्हाला काय म्हायती! किनाऱ्यावरची घरं पाडतात तेव्हा पण आधी फुलीच मारतात ना."

रिक्षा थांबली. तो वाळूवर धावला, आणि जाग्यावर थबकला.

माडांच्या पलीकडे ती उभी होती. पांढरीफटक. काठाला लाल पट्टा. आणि अंगभर, नाळेपासून पाठीपर्यंत, रक्तासारखी लाल फुली. लक्ष्यानं काम इतकं चोख केलं होतं की रेघ कुठं सूतभर हललेली नव्हती. सुदर्शननं ती फुली एका नजरेत ओळखली. शिकताना गेलं वर्षभर ती त्याच्या पडद्यावर उगवत होती. प्रत्येक वेळी तो चरफडून सगळं बंद करायचा. आज ती आठ माणसं आडवी झोपवावीत एवढी लांब होती आणि बंद करायचं बटण कुठं नव्हतं!

त्यानं जवळ जाऊन फुलीवर बोट फिरवलं; रंग पक्का वाळला होता.

"सर, सर!" त्याच्या वर्गातली कोळ्यांची पोरं धावत आली. "होडीचं उत्तर चुकलं का, सर?"

घरी तर बाजार भरलेला. होडी जप्त झाली अशी बातमी पसरून चिंचणीचे मावसा-मावशी भेटायला आले होते आणि मावशी दारातच गळा काढून बसली होती. जप्ती नाही म्हटल्यावर मावसा म्हणाले, मग होडी मोडीत काढली असेल. मोडीत नाही म्हटल्यावर, मग इंजिन तरी विकायचं असेल. एक भंगारवाला खरोखरच हातगाडी घेऊन आला होता! आणि या सगळ्यांच्या मधे जीवन छाती काढून एकेकाला सांगत होता, "डिझाइन हाय ते! माझ्या भावानं केलंय. कंप्युटरवर!"

वर्षानुवर्षं ज्या वाक्यासाठी सुदर्शनचे कान आसुसले होते ते वाक्य असं, भंगारवाल्यासमोर, त्याच्या कानावर पडलं. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यानं कोपऱ्यात जाऊन लक्ष्याला फोन लावला. "लक्ष्या, बाबा रे, येऊन रंग बदल. आजच्या आज!"

"कोन? मास्तर? मी पाळण्यावर हाय, पार वरती!" वाऱ्याच्या घोंघाटात लक्ष्या ओरडला. "काय सरस काम झालाय ना? जत्रा झाली का बोलू!"

पाडवा उजाडला. होडीच्या नाळेला गुढी उभारली, झेंडूच्या माळा चढल्या, आईनं पूजा मांडली. सगळी आळी किनाऱ्यावर लोटली होती. रंग बघायला किती आले होते आणि फजिती बघायला किती, ते सांगणं कठीण. नारळ फुटला. जीवननं खलाशांना हाक मारली.

कोणी हललं नाही. त्यांच्यातला वयस्क, मनिष नावाचा, वाळूत पायाचा अंगठा रुतवत म्हणाला, "दादा, राग नको मानू. फुली मारलेल्या होडीत पाय नाय ठेववत. फुली म्हंजे नाय. समुद्रात जाताना अंगावर 'नाय' लिहून कोन जातो? रंग बदल, मग येतो."

"अरे, पण ते डिझाइन..." जीवन म्हणाला. त्याची काढलेली छाती हळूहळू आत गेली. पाडव्याचा मुहूर्त, भरला किनारा, आणि खलाशी होडीत चढत नाहीत, यापरता होडी चालवणाऱ्या तांडेलाचा दुसरा अपमान नाही. तिघी बायका होडीशेजारी एका रांगेत उभ्या होत्या आणि कोणीच कोणाला दोष देत नव्हतं. हेच जास्त भयंकर होतं.

सुदर्शनला दादाच्या तोंडाकडे बघवेना. सगळा दोष आपल्या अंगावर घ्यायचा, चूक माझी म्हणून सांगायचं, आणि मग हवं तर जन्मभर किनाऱ्यावर तोंड दाखवायचं नाही! तो पुढं सरसावला. "दादा, ऐक. ही फुली..."

"शेवटचा डबा!"

सगळ्यांनी वळून बघितलं. हातात पिशवी घेऊन श्यामकांत काका उभे होते. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, डहाणू रोडला राहणारे, दर सुट्टीला वहिनीकडे ताजे बोंबील घ्यायला येणारे. आज पाडव्याचं गोड टाकून ते बोंबील न्यायला आले होते, पण होडीकडे नजर गेली तसे ताठ झाले आणि हात नकळत झेंडी धरल्यासारखा वर गेला.

"वा, जीवनराव! शेवटच्या डब्याची खूण! काय डोकं लढवलंय!"

"म्हंजे?" मनिषनं विचारलं.

"म्हणजे? इतकी वर्षं रूळ ओलांडता आणि गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवरची फुली बघितली नाहीत? मी जन्मभर त्या फुलीच्या डब्यात बसून काढला, बाबांनो! गाडी स्टेशनातून गेली की तिथला माणूस काय बघतो? फुली. फुली दिसली म्हणजे सगळे डबे आले, मधे कुठं कोणी सुटून राहिलं नाही. फुली दिसली नाही, तर पुढची गाडी सोडत नाहीत!"

मनिष फुलीकडे नव्यानं बघायला लागला.

"म्हंजे ही होडी घरी आली का समजायचं..."

"की मागे समुद्रात कोणी राहिलं नाही," काका म्हणाले.

मग आई बोलली. ती सहसा चारचौघांत बोलायची नाही. "जीवनचा बा वादळात अडकला होता तवा," ती म्हणाली, "किनाऱ्यावर कुणालाच सांगता येत नव्हतं, कोन आला नि कोन नाय. एक म्हणे आला, एक म्हणे बघितला नाय. दुसऱ्या दिवशी आला तो. पण ती रात्र मी कशी काढली ते मलाच ठावं." तिनं हात लांब करून ओल्या बोटांनी फुलीला कुंकू लावलं. लालावर लाल, दिसलं कुणालाच नाही. "अशी एक होडी पायजेच होती."

नवशी आत्यानं डोळे पुसले आणि आईशी भांडायला काही सुचतंय का ते बघितलं. सुचलं नाही.

मनिषनं लुंगी वर खोचली आणि पहिली उडी मारली. मागून सगळे. हैय्या हैय्या करत होडी पाण्यात गेली आणि किनाऱ्यावर असा जल्लोष झाला की सुदर्शनचं 'ही फुली...' तोंडातच राहून गेलं. मावशीनं तर आनंदानं पुन्हा गळा काढला. भंगारवाल्यालाही प्रसाद मिळाला.

इथं गोष्ट संपली असती तर काय हवं होतं! पण खूण एकदा मानली की ती पाळावी लागते. फुलीची होडी सगळ्यांच्या शेवटी आली पाहिजे, असं किनाऱ्यानं ठरवून टाकलं. जीवन भरली होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी थांबायचा आणि एकेकाला पुढं घालायचा. एखादा आळशी मधेच जाळं टाकून बसायचा, एखाद्याचं इंजिन खोकायचं. जीवन आपला बाहेर हेलकावे खात उभा! तो येईपर्यंत बाकीच्या बायका मासळी विकून घरी जाऊन वेणीफणी करून बसलेल्या असायच्या. आठवड्याभरात वहिनीचा आवाज चढायला लागला, आत्या टोपल्या आपटायला लागली, आणि आई "अशी होडी पायजेच होती" हे वाक्य जरा कमी वेळा म्हणायला लागली.

सुदर्शनला अन्न गोड लागेना. हे सगळं आपल्या न परत केलेल्या ब्रशांमुळे! एका संध्याकाळी त्यानं ठरवलं, आज दादाला खरं काय ते सांगायचंच.

दिवस बुडाला होता. होड्या एकेक करून खाडीत शिरल्या. सगळ्यात शेवटी फुली आली. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी ती बघितली आणि एकेक करून त्या निवांत घराकडे वळल्या. तेवढं बघून सुदर्शनला बरं वाटलं, आणि सांगायचा धीर आणखी सुटायला लागला. पण जीवननं टोपली वाळूवर ठेवली तसा तो घाईघाईनं बोलून गेला.

"दादा, ती फुली मी काढलेली नाही. चूक आहे ती! मी आतले ब्रश परत करायला विसरलो, कंप्युटर थकला आणि बिघडला. बिघडला की तो तशी फुली मारतो. माझा रंग वेगळाच होता. तू बघितलास ना? चौकट यायच्या आधी? खाली निळा, मग जांभळा, आणि काठाला..."

"तो?" जीवन मोठ्यांदा हसला. "अरे, तो बघून तर माझ्या पोटात गोळा आला होता! म्हटलं, झालं, तिघींसमोर याची मशीन बिघडली. खाली एक रंग, वर भलताच, धड कुठलाच नाय, नुसता ओघळ आलेला. आता या बाया याची सालटी काढणार! मग ती चौकट आली, आत्यानं बटण दाबलं, आणि एकदम साफ झालं बघ. पट्टा न् पट्टा जागच्या जागी. मी तर मनातल्या मनात म्हाळक्ष्मीला हात जोडले, म्हटलं, आई, वाचवलीस माझ्या भावाची अब्रू!"

सुदर्शननं तोंड उघडलं. दादा त्याच्याकडे इतक्या मायेनं बघत होता की त्यानं ते पुन्हा मिटलं.

"काय रे? काय म्हणत होतास?"

"काही नाही," सुदर्शन टोपलीचा दुसरा कान धरत म्हणाला. "वेळेवर दुरुस्त झालं, ते बरं झालं."